लिनक्सवर लॅपटॉपची बॅटरी टिकत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, काहीही चालवत असाल तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडतं. कमांडची आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिलीत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत मारायची. आणि थेट 'कुठलं सॉफ्टवेअर टाकू' वर उडी मारू नका, बऱ्याच जणांना काहीच टाकावं लागत नाही.

विंडोजवर पाच-सहा तास चालायचा, लिनक्स टाकलं आणि तीन तासांत आटपतो. लिनक्सच खादाड आहे का?

नाही. पण विंडोज त्या मशीनवर कंपनीने स्वतः ट्यून करून दिलेलं असतं आणि लिनक्स तुम्ही नंतर आणून टाकलेलं असतं, एवढा फरक राहतोच. तो फरक थोडाफार असेल तर सोडून द्या. पण बॅटरी एकदम अर्ध्यावर आली असेल तर त्याला सहसा एकच कुठलंतरी ठोस कारण असतं, ग्राफिक्स कार्ड झोपत नाहीये, व्हिडिओ सगळा सीपीयूच्या डोक्यावर पडलाय, किंवा मागे एखादी प्रोसेस उगाच फिरत बसलीय. दहा सेटिंगमधून चिल्लर वाचवत बसण्यापेक्षा तो एक चोर पकडायचा.

मग सुरुवात कुठून करू?

वॉटपासून. तास आणि टक्के यांच्यावर अजिबात जाऊ नका, वर कोपऱ्यात जे '२ तास ४० मिनिटं बाकी' दिसतं तो निव्वळ अंदाज असतो आणि तुम्ही एक टॅब उघडला की बदलतो. लॅपटॉप या क्षणी किती वॉट ओढतोय हा आकडा मात्र खोटं बोलत नाही.

चार्जर काढा (लावलेला असेल तर खर्चाच्या जागी चार्जिंगचा वेग दिसतो आणि लोक त्यावरून भलतेच निष्कर्ष काढतात), सगळी ॲप्स बंद करा, ब्राइटनेस अर्ध्यावर आणा आणि पाच मिनिटं हात लावू नका. मग टर्मिनलमध्ये 'यूपॉवर डॅश डॅश डंप' मारा, त्यात बॅटरीखाली 'एनर्जी-रेट' अशी ओळ असते, तोच तुमचा आकडा. किंवा सरळ फाईल वाचा, स्लॅश सिसच्या आत क्लास, त्यात पॉवर-सप्लाय, त्यात बॅट-शून्य (काही मशीनवर बॅट-एक) नावाचं फोल्डर आहे, त्यातली 'पॉवर-नाऊ' फाईल. तिथे ७४५०००० असं काहीतरी दिसलं तर घाबरू नका, ते मायक्रोवॉटमध्ये आहे, म्हणजे ७.४५ वॉट. काही मशीनवर ही फाईलच नसते, त्याऐवजी 'करंट-नाऊ' आणि 'व्होल्टेज-नाऊ' अशा दोन असतात, त्या मायक्रोॲम्पियर आणि मायक्रोव्होल्टमध्ये, दोघांचा गुणाकार करून योग्य तेवढी शून्यं उडवायची.

किती वॉट म्हणजे नॉर्मल?

गेल्या सात-आठ वर्षांतला साधा १४ इंची लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, काही न करता बसलाय, तर ३ ते ६ वॉट. गेमिंगवाला मोठा असेल तर ८-१० सुद्धा चालून जातं. साधा लॅपटॉप काहीही न करता १० च्या वर ओढत असेल तर नक्की काहीतरी जागं आहे.

गणित शाळेतलंच आहे, बॅटरीचे वॉट-तास भागिले वॉट. ५० वॉट-तासांची बॅटरी ५ वॉटवर १० तास, १० वॉटवर ५ तास आणि १५ वॉटवर ३ तास २० मिनिटं. म्हणजे रिकामं बसलेलं असताना ४ वॉट जास्त जात असतील तर तुमचे कितीतरी तास तिथेच गेले, कुठलंही 'बॅटरी सेव्हर' ते भरून देणार नाही.

पण माझी बॅटरीच म्हातारी झाली नसेल कशावरून?

हे आधी बघाच, कारण मग लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच यूपॉवरच्या आउटपुटमध्ये 'एनर्जी-फुल' आणि 'एनर्जी-फुल-डिझाईन' अशा दोन ओळी आहेत. दुसरी म्हणजे नवी असताना किती मावायचं, पहिली म्हणजे आज किती मावतं. ५० ची आता ३१ झाली असेल तर १०० टक्के चार्ज दाखवला तरी तुमच्याकडे टाकी ३१ चीच आहे. वरच्या बॅट-शून्य फोल्डरात 'सायकल-काऊंट' (बॅटरी किती वेळा पूर्ण भरून उतरली) पण असतो, बऱ्याच मशीनवर तो शून्यच दाखवतो कारण फर्मवेअर (मशीनच्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर) तो आकडा देतच नाही, त्यामुळे शून्य बघून खूश होऊ नका. लॅपटॉपची लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण सायकलनंतर मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते असं धरून चाला.

सेकंड हँड थिंकपॅड किंवा ऑफिसमधून निघालेले लॅटिट्यूड घेणाऱ्यांनी तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करून या दोन ओळी बघाव्यात. दुकानदार 'बॅकअप एकदम मस्त आहे' म्हणेल, तुम्ही आकडा वाचून भाव करा.

पॉवरटॉप टाकलं, पण पाच-सहा टॅब आणि आकड्यांचा पूर आहे. त्यात बघायचं काय?

पॉवरटॉप हे इंटेलने २००७ साली काढलेलं टूल, अजूनही पहिली चौकशी करायला यासारखं दुसरं नाही. सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावूनच चालवा, बॅटरीवर असतानाच चालवा.

पहिल्या टॅबमध्ये कोण सेकंदाला किती वेळा सीपीयूला उठवतंय ते दिसतं. त्यातला 'पॉवर एस्ट.' कॉलम, म्हणजे अमुक प्रोसेस अमुक वॉट खाते वगैरे, तो अंदाजपंचे असतो, त्यावर भांडू नका, पण जागं करण्याचा आकडा उपयोगी आहे. दुसरा टॅब आयडल स्टॅट्सचा, इथे पॅकेज या कॉलममध्ये सी-८, सी-१० अशा खोल अवस्था दिसतात, इंटेलच्या मशीनवर रिकाम्या वेळात बराचसा काळ तिथे गेला पाहिजे. सगळा वेळ सी-२ किंवा सी-३ वरच अडकलेला दिसला तर एखादं उपकरण संपूर्ण चिपला झोपू देत नाहीये. संशयित ठरलेले आहेत, एनव्हीएमई एसएसडी, एसडी कार्ड रीडर, एखादं वायफाय कार्ड, आणि अर्थात एनव्हिडिया.

शेवटी ट्यूनेबल्सचा टॅब, गुड आणि बॅडची यादी. सगळं गुड करायची हाव सुटते. एकेक करून एंटर मारा आणि बघा. 'ऑटो-ट्यून' म्हणून सगळं एका झटक्यात करणारा पर्याय आहे तो यूएसबीची उपकरणं पण झोपवतो आणि मग माऊस दोन सेकंद हलवला नाही की पहिला झटका खातच नाही, की लोक म्हणतात लिनक्स हँग होतंय. शिवाय रीबूट केलं की हे सगळं पुसलं जातं.

टीएलपी टाकू, ऑटो-सीपीयूफ्रीक टाकू की आहे ते पॉवर प्रोफाइल्स ठेवू?

एकच. कुठलंही एक. हे तिघंही वीज वाचवणारे प्रोग्राम आहेत, त्याच त्या सेटिंग्ज लिहितात आणि दोन एकत्र ठेवले तर शेवटी कोणी लिहिलं ते कळत नाही, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत तसलाच प्रकार.

ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये २०२१ पासून पॉवर सेव्हर, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स असे मोड आले, त्यामागे पॉवर-प्रोफाइल्स-डीमन (मागे चालणारा प्रोग्राम) असतो. फेडोराने ४१ व्या आवृत्तीत तो काढून त्याजागी ट्यूनडी आणलं, बटणं तीच राहिली. नव्या मशीनवर, त्यातही एएमडी रायझनवर, हे आहे तसंच ठेवा. तिथे काम मुळात कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर आणि फर्मवेअर मिळून करतात, तुम्ही वरून ढवळून फार काही हाती लागत नाही.

टीएलपी मी जुन्या इंटेल मशीनवर टाकायला सांगेन आणि ज्यांना चार्जिंगची मर्यादा हवीय त्यांना. टाकलं की डिफॉल्ट सेटिंगवरच चांगलं चालतं, इटीसीमधल्या टीएलपी डॉट कॉन्फ फाईलमध्ये पहिल्याच दिवशी वीस ओळी बदलायची काही गरज नाही. टाकायच्या आधी पॉवर-प्रोफाइल्स-डीमन काढा किंवा सिस्टमसीटीएलने मास्क करा. लॅपटॉप-मोड-टूल्स सुचवणारा लेख सापडला तर तो बंद करा, तो फिरत्या हार्ड डिस्कच्या जमान्यातला आहे.

सीपीयू गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) 'पॉवरसेव्ह' आहे म्हणजे लॅपटॉप मंद होईल ना?

इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये नाही होत. जुन्या ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे कायम सगळ्यात खालचा वेग, तो समज तिथून आलाय. इथे पॉवरसेव्ह असतानाही काम पडलं की वेग वर जातो. टर्बो (सीपीयूचा तात्पुरता वाढीव वेग) मात्र बॅटरीवर बंद करून बघण्यासारखा आहे, कोड कंपाईल करणाऱ्यांना थोडं हळू वाटेल, पण फॅनही गप्प होतो.

एनव्हिडियाचं कार्ड आहे. गेम खेळतच नाही तरी बॅटरी दोन तास. का?

कारण ते कार्ड जागं आहे. बॅटरीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत मला सगळ्यात जास्त हेच सापडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलंच इंटेल किंवा एएमडीचं, आणि दुसरं एनव्हिडियाचं. अपेक्षा अशी की एनव्हिडिया गरज लागेल तेव्हाच उठेल आणि नंतर पूर्ण बंद होईल. ट्युरिंग पिढीपासून पुढे, म्हणजे जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स २००० सिरीजपासून, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला हे नीट जमतं. त्याआधीच्या कार्डांना जमत नाही, ती चालू म्हणजे चालूच.

आधी खात्री करा. स्लॅश सिसमध्ये बस, पीसीआय, डिव्हायसेस, त्यात कार्डाच्या पत्त्याचं फोल्डर (बहुधा ०१:०० ने सुरू होणारा, एलएसपीसीआय मारून बघा), त्यात पॉवर, त्यात 'रनटाइम-स्टेटस' ही फाईल. 'सस्पेंडेड' आलं तर कार्ड झोपलंय, दुसरीकडे शोधा. 'ॲक्टिव्ह' आलं तर चोर सापडला. आणि हे बघायला एनव्हिडिया-एसएमआय वापरू नका!! ती कमांड स्वतःच कार्डाला उठवते, म्हणजे झोपलाय का बघायला गदागदा हलवण्यातला प्रकार.

एका ओळखीच्या मुलाच्या गेमिंग लॅपटॉपवर हेच चाललं होतं, ऑन-डिमांड मोड लावलेला, ड्रायव्हर नवा, कार्ड आरटीएक्सचं, सगळं बरोबर, तरी स्टेटस कायम ॲक्टिव्ह आणि रिकाम्या लॅपटॉपचे १५-१६ वॉट. वरच्या पट्टीवर त्याने तापमान दाखवणारं एक एक्स्टेन्शन लावलं होतं, सीपीयू इतकं, जीपीयू इतकं, छान रंगीत. ते जीपीयूचं तापमान आणायला दर दोन सेकंदांनी एनव्हिडिया-एसएमआयच चालवत होतं. एक्स्टेन्शनमधला जीपीयूचा टिक काढला, अर्ध्या मिनिटात फाईलमध्ये सस्पेंडेड आलं आणि वॉट सात-आठवर उतरले. बॅटरी वाचवायला लावलेली मीटरंच बॅटरी खातात कधीकधी.

कार्ड मुळीच लागत नसेल तर उबंटू-मिंटवर 'प्राइम-सिलेक्ट इंटेल' मारून रीबूट करा, विषय संपला. फक्त लक्षात ठेवा, बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं, त्यामुळे हे केल्यावर बाहेरचा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर चालणार नाही. प्रेझेंटेशनच्या दिवशी हे कळलं तर पंचाईत. आणि मॉनिटर लावलेला असताना बॅटरी लवकर संपते तेही याच पोर्टमुळे, तिथे इलाज नाही, चार्जर लावा.

यूट्यूब लावलं की फॅन सुरू आणि बॅटरी धडाधड खाली. साधा व्हिडिओ तर आहे?

व्हिडिओ साधा, पण तो उलगडायचं काम ग्राफिक्सच्या खास भागाऐवजी सीपीयू करतोय. पूर्वी लिनक्सवर ब्राउझरमध्ये हे नीट चालतच नसे. फायरफॉक्स ११५ पासून (जुलै २०२३) इंटेल ग्राफिक्सवर हार्डवेअर डीकोडिंग आपोआप चालू असतं, एएमडीवर १३६ पासून. पण खाली ड्रायव्हर हवा. 'व्हीए-इन्फो' कमांड मारा, तिथे कोडेकची (व्हिडिओ साठवायच्या पद्धतींची) लांब यादी यायला हवी, एरर आली तर ड्रायव्हर नाही. इंटेलच्या ब्रॉडवेल म्हणजे पाचव्या पिढीपासून पुढे 'इंटेल-मीडिया-ड्रायव्हर', त्याआधी जुना 'आय-९६५'. फेडोरावाल्यांनी विशेष लक्ष द्या, पेटंटच्या भानगडीमुळे फेडोरा काही कोडेक मूळ पॅकेजमधून काढून टाकतं, ते आरपीएम फ्युजनमधून आणावे लागतात.

एवढं करून पण फॅन ओरडतोय आणि मशीन जुनं आहे, तर यूट्यूब तुम्हाला व्हीपी-९ किंवा एव्ही-१ या कोडेकमध्ये व्हिडिओ पाठवतंय आणि तुमच्या चिपला ते येत नाही. एच-२६४ची सक्ती करणारं ब्राउझर एक्स्टेन्शन मिळतं ते टाका. खरंच चाललं का हे बघायचं तर 'इंटेल-जीपीयू-टॉप' उघडा, व्हिडिओ चालू असताना त्यात 'व्हिडिओ' नावाची पट्टी हलली पाहिजे. शून्यावर असेल तर अजून सीपीयूच मरतोय.

रात्री झाकण लावून बॅगेत ठेवला, सकाळी काढला तर गरम आणि बॅटरी शून्य. हे काय?

हा दुसरा मोठा विषय. झोप दोन प्रकारची असते. जुनी एस-३, हिला लिनक्समध्ये 'डीप' म्हणतात, यात रॅम सोडून जवळपास सगळं बंद. आणि नवी एस-टू-आयडल, यात मशीन वरवर चालूच असतं, फक्त सगळी उपकरणं झोपवलेली असतात, मोबाईलसारखं. विंडोजमधल्या मॉडर्न स्टँडबायसाठी कंपन्या नव्या प्रकारावर गेल्या आणि जुना फर्मवेअरमधून काढायला लागल्या, इंटेलच्या ११ व्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर एस-३ नाहीच.

तुमच्याकडे काय आहे ते स्लॅश सिसमधल्या पॉवर फोल्डरातल्या 'मेम-स्लीप' फाईलमध्ये दिसतं. चौकटी कंसात जे असेल ते चालू. 'डीप' हा शब्द तिथे आहे पण कंसात नाही, तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नलच्या ओळीला 'मेम-स्लीप-डिफॉल्ट बरोबर डीप' ('बरोबर' म्हणजे = हे चिन्ह) जोडा आणि ग्रब अपडेट करा. उठायला दोन-तीन सेकंद जास्त लागतील, पण रात्रीत दोन-चार टक्केच जातील. काही थिंकपॅडमध्ये बायॉसमध्येच 'स्लीप स्टेट' म्हणून पर्याय असतो, विंडोज की लिनक्स, तिथे लिनक्स करा.

'डीप' हा शब्दच नसेल तर नेटवर कोणी काहीही सांगो, जबरदस्तीने आणता येत नाही. मग एस-टू-आयडल नीट चालतंय का ते बघायचं. नव्या कर्नलमध्ये त्याच पॉवर फोल्डरात 'सस्पेंड-स्टॅट्स' आहे आणि त्यात 'लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप', म्हणजे शेवटच्या झोपेत हार्डवेअर खरंच किती वेळ खोल झोपलं होतं, मायक्रोसेकंदात. तासभर झोपवून हा आकडा शून्यच आला तर मशीनने रात्रभर नुसते डोळे मिटलेले होते. बायॉस अपडेट करा, कर्नल नवा घ्या, एसडी कार्ड आत राहिलं असेल तर काढा, यूएसबीचा डोंगल काढा. वायरलेस माऊसचा डोंगल लावून बॅगेत ठेवणारे खूप आहेत, बॅगेत माऊस हलला की लॅपटॉप उठतो, आणि बंद बॅगेत उठलेला लॅपटॉप बॅटरीला भाजूनच काढतो.

मग हायबरनेटच का नाही करत?

करा की (यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं), पण थोडी खटपट आहे. रॅमएवढी तरी स्वॅप (डिस्कवरची राखीव जागा) हवी, उबंटूमध्ये हायबरनेट डिफॉल्ट चालू नसतं, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर बहुतेक डिस्ट्रोंचा (उबंटू, फेडोरा वगैरे) कर्नल हायबरनेट होऊच देत नाही. जमलं तर मात्र 'सस्पेंड-देन-हायबरनेट' लावा, आधी झोप, मग ठरावीक वेळाने पूर्ण बंद, वेळ इटीसीमधल्या सिस्टमडीच्या 'स्लीप डॉट कॉन्फ' मध्ये. नाही जमलं तर रात्री शटडाऊन करा, एसएसडीवर बूट व्हायला किती वेळ लागतो असा.

'के-वर्कर' नावाची प्रोसेस सीपीयू खातेय. किल होत नाही.

ती कर्नलचीच आहे, मारता येणारच नाही. सारखी एकच कोअर खात असेल तर बऱ्याचदा हार्डवेअरकडून इंटरप्टचा (सीपीयूला उठवणाऱ्या इशाऱ्यांचा) भडिमार चाललेला असतो. स्लॅश सिसमध्ये फर्मवेअर, एसीपीआय, इंटरप्ट्स या फोल्डरातल्या 'जीपीई' ने सुरू होणाऱ्या फायली एकत्र ग्रेप करून बघा, एकाच फाईलमध्ये लाखांत आकडा असेल आणि दर सेकंदाला पळत असेल तर तोच. त्या फाईलमध्ये 'डिसेबल' लिहिलं की शांत होतो. पण त्या जीपीईवर झाकणाचं किंवा बटणाचं काम असू शकतं, तेव्हा नंतर ब्राइटनेसच्या कीज, झाकण, चार्जर ओळखणं, सगळं एकदा तपासा. रीबूटनंतर परत करावं लागतं.

नुकतंच इन्स्टॉल केलं, पहिल्या दिवसापासून फॅन जोरात.

एक-दोन दिवस थांबा. ग्नोम आणि केडीई हे दोन्ही डेस्कटॉप तुमच्या फायली शोधासाठी वाचून काढत असतात, केडीईमध्ये त्याचं नाव बालू, शिवाय अपडेट उतरत असतात, क्लाउडवाला तुमचे फोटो सिंक करत असतो. चार्जर लावून रात्रभर चालू ठेवा, उरकून जाईल.

डार्क थीम लावली तर फायदा?

ओएलईडी स्क्रीन असेल तर हो. साध्या एलसीडीवर नाही, मागचा दिवा तेवढाच जळतो. ब्राइटनेस कमी करणं हा मात्र सगळ्यात फुकट आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय, पूर्ण आणि अर्ध्यामध्ये काही वॉटचा फरक सहज पडतो. स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झची असेल तर बॅटरीवर ६० करा.

वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवू का?

ब्लूटूथ वापरत नसाल तर बंद ठेवा, जादू होणार नाही. वायफायचं पॉवर सेव्हिंग बहुतेक ठिकाणी आधीच चालू असतं, उलट काही कार्डांवर त्यामुळेच नेट अडखळतं.

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं म्हणतात ते लिनक्सवर होतं का?

होतं, आणि ज्यांचा लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला असतो त्यांनी करावंच. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी झिजवतात, कायम फुल चार्ज राहणं आणि उष्णता. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ असताना गादीवर ठेवलेल्या, शंभर टक्क्यांवर टांगलेल्या लॅपटॉपला दोन्ही एकदम मिळतात, दोन उन्हाळ्यांत बॅटरी जाते आणि मग लोक लिनक्सला शिव्या घालतात.

थिंकपॅडवर सगळ्यात चांगलं चालतं, सुरू कधी आणि थांब कधी दोन्ही सांगता येतं, टीएलपीमध्ये 'स्टार्ट चार्ज थ्रेश' आणि 'स्टॉप चार्ज थ्रेश' या ओळी. असूसवर फक्त थांब. लेनोव्होच्या आयडियापॅडवर 'कॉन्झर्व्हेशन मोड', यात आकडा तुमच्या हातात नसतो, बऱ्याच मॉडेलवर ६० ला थांबतो, ८० टाकून ६० ला का थांबतंय म्हणून बुचकळ्यात पडू नका. डेल आणि एचपीवाल्यांनी बायॉसमध्ये जाऊन करावं, तेच सोपं. टर्मिनल नको असेल तर केडीई प्लाझ्मामध्ये ५.२० पासून आणि ग्नोममध्ये ४८ पासून सेटिंग्जमध्येच पर्याय आहे, अर्थात हार्डवेअर देत असेल तर.

आमच्याकडे लोडशेडिंग असतं हो, ८० वर ठेवून कसं चालेल?

मग ९० ठेवा. लाईट जाण्याचा दिवस माहीत असेल तर आदल्या रात्री 'टीएलपी फुलचार्ज' मारा, तेवढ्यापुरती मर्यादा उठते आणि पूर्ण चार्ज होतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी पण हेच. बॅटरी तुमच्यासाठी आहे, तुम्ही बॅटरीसाठी नाही.

३० टक्के दाखवतो आणि खटकन बंद पडतो.

एकतर बॅटरीच्या आतला मोजणारा चुकतोय किंवा एक सेल गेलाय. एकदा पूर्ण चार्ज करा, मग साधं वाचन-लेखन करत आपोआप बंद पडेपर्यंत वापरा, मग न थांबता पूर्ण चार्ज. यानंतर 'एनर्जी-फुल' चा आकडा बदलला आणि लवकर बंद पडणं थांबलं तर ते मोजमापच होतं. नाही थांबलं तर बॅटरी बदला. हे दर महिन्याला करत बसू नका, प्रत्येक वेळी एक सायकल जाते.

टचपॅड वर आल्यासारखं वाटत असेल, क्लिक जड झालं असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल तर वरचं सगळं सोडा, लॅपटॉप बंद करा आणि चार्जर काढा. बॅटरी फुगलीय. ती दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

नवी बॅटरी ओरिजिनलच घ्यावी का?

परवडत असेल तर हो. डुप्लिकेट बॅटरीच्या चिपमध्ये डिझाईनचा आकडा कितीही लिहिता येतो, त्यामुळे यूपॉवर ५० म्हणालं म्हणून ५० भरत नाही. दुकानातून आणल्यावर पहिल्याच आठवड्यात, परत करायची मुदत असताना, वॉट बघत पूर्ण उतरवून पहा. ६ वॉटवर बसून चार तासांत संपली तर ती २५ ची सुद्धा नाही, बिल घेऊन परत जा.

हलकं डेस्कटॉप टाकलं, एक्सएफसीई वगैरे, तर बॅटरी वाढेल?

रॅम वाचेल. रिकामं बसलेलं असताना ग्नोम आणि एक्सएफसीई यांच्यात वॉटचा फरक तुम्हाला वाटतो तेवढा नसतो. चाळीस टॅब उघडे ठेवायचे, वर चॅटची तीन ॲप्स, ज्यातलं प्रत्येक म्हणजे आत लपलेला एक अख्खा ब्राउझर, आणि खापर मात्र डेस्कटॉपवर. टॅब मिटा. डिस्ट्रो बदलून पण तेच, नव्या डिस्ट्रोत फरक पडला तर तो बहुधा नव्या कर्नलमुळे पडतो, तो आहे त्यातच घेता येतो.

एका लेखात 'पीसीआयई एएसपीएम बरोबर फोर्स' टाका म्हटलंय, टाकू?

नका टाकू. एएसपीएम म्हणजे पीसीआयईवरच्या उपकरणांचा दुवा रिकाम्या वेळात झोपवणारी वीजबचत, आणि त्या सल्ल्याचा इतिहास आहे. २०११ मध्ये २.६.३८ कर्नल आला आणि अनेक लॅपटॉपचा वीजवापर अचानक वाढला, फोरॉनिक्स या लिनक्सच्या बातम्या देणाऱ्या साइटच्या मायकेल लाराबेलने शोधून काढलं की बायॉसने 'एएसपीएम नाही' असं सांगितलं की कर्नल ते सरळ बंद करतोय, भले बायॉसनेच ते आधी चालू करून ठेवलेलं असो. तेव्हा हा फोर्सचा उपाय सगळीकडे पसरला. पुढे कर्नलवर काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेटने ते वागणं दुरुस्त केलं आणि ३.३ कर्नलपासून, म्हणजे २०१२ पासून, ती अडचण संपली. पण लेख काही मिटले नाहीत. आज फोर्स टाकलं तर ज्या उपकरणाला ते झेपत नाही ते लटकतं, आणि एसएसडी लटकली तर काय होईल ते सांगायला नको. नेटवरच्या कुठल्याही सल्ल्याची तारीख आधी बघा, २०१८ च्या आधीचा असेल तर बहुतेक वेळा तो कर्नलने किंवा डिस्ट्रोने आधीच आत घेतलेला असतो, फेडोरा २८ ने त्या वर्षी साटा, ऑडिओ, ब्लूटूथ यांची वीजबचत डिफॉल्टच करून टाकली होती.

बायॉस अपडेट लिनक्सवरून होतं का?

बऱ्याच डेल, लेनोव्हो, एचपी मशीनवर होतं, 'एफडब्ल्यूयूपीडी' वापरून, उबंटू-फेडोराच्या सॉफ्टवेअर ॲपमध्येच अपडेट दिसतं. चार्जर लावून करा, मध्ये बंद करू नका. झोपेच्या तक्रारी यानेच जास्त सुटतात.

सगळं करून पाहिलं, तरी जमत नाहीये. कोणाला विचारताना काय काय सांगू?

'बॅटरी बेकार आहे, मदत करा' एवढंच लिहिलं तर कोणी काही सांगू शकत नाही. मॉडेल, प्रोसेसर, डिस्ट्रो आणि कर्नलची आवृत्ती (यूनेम डॅश आर), एनर्जी-फुल आणि फुल-डिझाईन, रिकामं असताना किती वॉट आणि यूट्यूब चालू असताना किती, दुसरं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचं रनटाइम-स्टेटस, आणि मेम-स्लीपमध्ये काय दिसतं. टीएलपी असेल तर 'टीएलपी-स्टॅट' चं पूर्ण आउटपुट फाईलमध्ये घेऊन जोडा, मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको. त्यात सिरीयल नंबर दिसत असेल तर तेवढा पुसा.